माळ्यावरची ट्रंक, ३४० फोटो आणि एक नऊ फुटी भिंत

ओसरी | ८ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वाईचा आमचा वाडा दिवाळीनंतर पाडायला घेणार आहेत. गेल्या रविवारी माळा रिकामा करताना एक पत्र्याची ट्रंक निघाली. वर जुनी पंचांगं, मध्ये दोन नऊवारी, तळाला फोटो. मोजले तर ३४० भरले. काही काळ्या कागदाच्या अल्बममध्ये कोपरे लावून बसवलेले, मध्ये तो कोळ्याच्या जाळ्याच्या नक्षीचा बटर पेपर. काही ऐंशीच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममध्ये, ते सगळे लालसर पडलेत. बाकीचे सुटे. शिवाय बिस्किटांच्या डब्यात निगेटिव्ह.

ऑक्टोबरात बाबांची पंच्याहत्तरी आहे. भावाच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हॉलची एक भिंत आम्ही राखून ठेवली आहे, नऊ फूट रुंद. तिथे घरातल्या चार पिढ्या लावायच्या आहेत. मूळ फोटो भिंतीवर नकोत, स्कॅन करून नवे छापायचे.

आता अडचणी. स्कॅनर घ्यावा की मोबाइलवर भागेल? कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला एका फोटोचे वीस रुपये म्हणतोय, म्हणजे ६८०० झाले, त्यात साधा स्कॅनरच येईल. दुसरं म्हणजे अर्ध्या फोटोंतली माणसं कोण, हे बाबांनाही सांगता येत नाही. आणि तिसरी अडचण आई. ती म्हणते, गेलेल्यांच्या रांगेत जिवंत माणसांचे फोटो लावायचे नाहीत. बाबांच्याच वाढदिवसाला बाबांचा फोटो लावायचा नाही, असा पेच आहे.

---

डांबरगोळी | ८ जुलै, रात्री ९:५८

पहिला! धागा छान. ट्रंकेत माझे जातभाई सापडले का?

---

ओसरी | ८ जुलै, रात्री १०:०३

सापडले. वाटाण्याएवढे उरलेत.

---

जुना_रोल | ८ जुलै, रात्री ११:२५

साताऱ्यात एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये अठरा वर्षं काढली आहेत, त्या हक्काने लिहितो.

स्कॅनर घ्या. मोबाइलचं काम वाईट नसतं, पण ३४० फोटोंमध्ये तुमचा हात सरळ राहणार नाही आणि उजेड दर दहा मिनिटांनी बदलेल. साधा सपाट काचेचा स्कॅनर पुरतो. हे स्कॅनर दोन जातींचे असतात. पातळ, यूएसबीच्या एकाच वायरवर चालणारे असतात ते सीआयएस. त्यांना काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट दिसतं, फोटोला बाक आला असेल तर तो भाग धूसर येतो. जाड, जड असतात ते सीसीडी, त्यांना थोडी खोलीही पकडता येते. एपसनचा व्ही ६०० त्यातला, तो निगेटिव्हही घेतो, ३५ मिमीच्या आणि १२० रोलच्या रुंद निगेटिव्हही. महाग आहे. ओळखीत कुणाकडे असेल तर महिनाभर मागून आणा.

आता डीपीआय, म्हणजे स्कॅनर एका इंचात किती ठिपके टिपतो ते. लोक उगाच १२००, २४०० लावून बसतात. पोस्टकार्ड किंवा मॅक्सी (४ बाय ६ इंच) साइजचा फोटो ६००वर करा. मूळ कागदातच त्यापुढे फारसं काही नसतं, पुढचा आकडा म्हणजे फक्त मोठी फाइल. पासपोर्ट साइज आणि ते चिमुकले चौकोनी फोटो मात्र १२००वर. काळा-पांढरा फोटोसुद्धा रंगीत म्हणूनच स्कॅन करा, कारण नंतर सांगेन. स्कॅनरची आपोआप धारदार करणारी, धूळ काढणारी, उजेड सुधारणारी सगळी बटणं बंद. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा, त्या प्रकारच्या फाइलमध्ये फोटो पिळला जात नाही. ४ बाय ६चा फोटो ६००वर साधारण २६ एमबी होतो, म्हणजे तुमची सगळी ट्रंक नऊ-दहा जीबीत मावेल. पेन ड्राइव्हवर बसते हो.

ए-फोरच्या काचेवर मॅक्सीचे तीन फोटो एका वेळी मावतात, दोन उभे आणि एक आडवा. चार मावत नाहीत, खटपट करू नका. आणि प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. काही लिहिलेलं नसलं तरी करा.

---

डांबरगोळी | ९ जुलै, सकाळी ७:१०

कोऱ्या बाजूचा स्कॅन? ३४०चे ६८० झाले की.

---

जुना_रोल | ९ जुलै, सकाळी ८:३०

कोरी वाटते, असते असं नाही. कागदावर कंपनीचं नाव फिकट छापलेलं असतं. "इंदू" दिसलं तर तो ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कागद. ती कंपनीच १९६० सालची, तेव्हा तो फोटो त्याआधीचा असूच शकत नाही. स्टुडिओचा शिक्का असेल तर पत्ता बघा. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. नुसतं "पूना २" असेल तर बहुधा आधीचा. बहुधा म्हणतो, कारण आमच्या मालकांनी जुने शिक्के झिजेपर्यंत वापरले.

---

बडोदेकर_मी | ९ जुलै, दुपारी १:१५

चिमुकले चौकोनी फोटो म्हणजे सव्वादोन इंचाचे का? मग ते आमच्या गावच्या कॅमेऱ्याचे असू शकतात. आगफा क्लिक थ्री बडोद्यालाच बनायचा, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये. १२०चा रोल, बारा फोटो. आमच्या आळीत एकच होता आणि तो प्रत्येक मुंजीला जाऊन यायचा. मुंजमुलापेक्षा त्याला जास्त मान.

---

जुना_रोल | ९ जुलै, दुपारी २:४०

बरोबर. आणि ते फोटो बहुतेक कॉन्टॅक्ट प्रिंट असतात. म्हणजे निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढ्याच आकारात काढलेले. मोठं करायचे पैसे वाचवायचे लोक.

ओसरीताई, बिस्किटाच्या डब्यात याच्या निगेटिव्ह असतील तर प्रिंट बाजूला ठेवा आणि निगेटिव्ह स्कॅन करा. सहा सेंटिमीटरची निगेटिव्ह २४००वर केली तर पाच हजार पिक्सेलच्या वर मिळतात, ३००ने छापलीत तरी १७ इंच. भिंग साधं असल्यामुळे कडा मऊ येतील, मध्ये चेहरे मात्र चांगले मिळतील. एक लक्षात ठेवा: स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय असते ती काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हला वापरू नका. त्यातली चांदी इन्फ्रारेड अडवते, यंत्राला सगळंच धूळ वाटतं. ब्लोअरने फुंका, मऊ ब्रश फिरवा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

---

पेठेतली_मुळं | १२ जुलै, सकाळी १०:०५

ट्रंक सापडली हे भाग्य समजा. आमच्या घरात १९६१च्या आधीचा एकही फोटो नाही. नारायण पेठ, नदीच्या बाजूचं घर. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा माणसं गच्चीवरून पलीकडच्या वाड्यात गेली. फोटो कुणाला आठवणार? आज पुन्हा १२ जुलै, म्हणून लिहावंसं वाटलं.

आजोबांच्या लग्नाचा एक फोटो मात्र मागच्या वर्षी मिळाला. कुठे? तर आजीच्या चुलत बहिणीच्या सुनेकडे, इंदूरला. ग्रुप फोटोच्या प्रती तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींना जायच्या, आणि मुलींचे फोटो स्थळांसाठी गावोगाव फिरायचे. परत मागवायचं कुणाच्या लक्षात राहत नसे. स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे, स्टुलावर हात टेकवून उभी असलेली आमची आजी ज्या घरात मिळाली, त्या घरात तिचं लग्न ठरलंच नव्हतं! त्यांनी फोटो जपला होता, का ते त्यांनाही माहीत नाही. तेव्हा आपल्या ट्रंकेवर थांबू नका, आत्यांच्या, मावश्यांच्या, मोडलेल्या स्थळांच्याही घरी विचारा.

---

डांबरगोळी | १२ जुलै, सकाळी १०:४४

मोडलेल्या स्थळांकडे "आमच्या आजीचा फोटो द्या" म्हणून जाणं, हे धाडस मी करणार नाही.

---

वाशिष्ठीकाठ | १२ जुलै, रात्री ८:२०

पुराचा विषय निघालाय तर. चिपळूणला २२ जुलै २०२१ला आमच्याकडे पाणी माळ्याच्या खाली चार बोटं होतं, पण अल्बम कपाटात होते. चिखलाने पानं एकमेकांना चिकटली. माझ्या नणंदेने एक पान ओढलं, आणि सासऱ्यांचा चेहरा समोरच्या पानाला लागून आला. तेवढ्या एका फोटोवर आम्ही शहाणे झालो. ओले फोटो ओढायचे नाहीत. स्वच्छ पाण्याच्या परातीत ठेवले की बरेचसे आपोआप सुटतात. चेहऱ्याला बोट न लावता हलवून चिखल काढायचा, मग तोंड वर करून मच्छरदाणीवर सावलीत वाळवायचे. उन्हात नाही, वाकडे होतात. सगळे एका दिवसात होणार नसतील तर पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये ठेवता येतात, बर्फात बुरशी वाढत नाही. आमचा फ्रीज पुरात गेला होता, रत्नागिरीला मावसभावाच्या मासळीच्या फ्रीझरमध्ये ठेवले. एकशे दहा फोटो वाचले. वास गेला, अजून थोडा येतो.

कोरड्या फोटोवरच्या बुरशीला ओला कपडा लावू नका. आधी फोटो नीट कोरडे होऊ द्या, मग घराबाहेर, नाकाला फडकं बांधून, मऊ ब्रशने.

---

ओसरी | १९ जुलै, रात्री ११:५०

सगळ्यांचे आभार. भावाच्या ऑफिसातल्या एकाकडून व्ही ६०० मिळाला आहे. १४० झाले. तीन ठिकाणी अडले.

एक: चिकट अल्बममधले फोटो निघत नाहीत. दोन: काही फोटोंच्या कागदावर मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी आहे, स्कॅनमध्ये चेहऱ्यावर ठिपकेच ठिपके येतात. तीन: आजोबांचा एक मोठा फोटो फ्रेमच्या काचेलाच चिकटलाय.

---

जुना_रोल | २० जुलै, सकाळी ६:५५

तीनपासून सुरू करतो. काचेला चिकटलेला फोटो काढायचाच नाही. काचेसकट स्कॅनरवर ठेवा. तुमचा सीसीडी आहे, काचेच्या जाडीतून स्पष्ट येईल. काच बाहेरून आधी पुसून घ्या, फडक्यावर पाणी घेऊन. काचेवर फवारा मारलात तर कडेने आत उतरेल.

चिकट अल्बमला दातांचा धागा. मेण नसलेला, साधा. कोपऱ्यातून फोटोच्या मागे घालायचा आणि करवतीसारखा हळूहळू सरकवायचा. हट्टी असेल तर पानाच्या मागून हेअर ड्रायरची अगदी मंद ऊब. तरीही नाही निघाला तर पान तसंच स्कॅनरवर उपडं ठेवा, वरचं प्लॅस्टिक उचलून.

जाळीच्या कागदाला आम्ही सिल्क म्हणायचो. गिऱ्हाइकाला बोटांचे ठसे दिसत नाहीत म्हणून आवडायचा, आता तोच नडतो. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने येतो, त्यामुळे प्रत्येक खळग्याची सावली पडते. फोटो एकदा सरळ, एकदा डोकं खाली येईल असा फिरवून असे दोन स्कॅन करा, दुसरा संगणकात सरळ करून पहिल्यावर अर्ध्या गडदपणाने ठेवा. सावल्या एकमेकींना बऱ्याच मारतात. गिंप नावाच्या फोटोच्या प्रोग्राममध्ये फुकट होतं. किंवा त्या फोटोंपुरता कॅमेरा वापरा, दोन्ही बाजूंनी सारखा, पसरलेला उजेड घेऊन.

काळ्या-पांढऱ्याला रंगीत का, तेही सांगतो. रंगीत फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन थर असतात, त्यांना वाहिन्या म्हणतात. फोटोवर पिवळा-तपकिरी डाग असेल तर तो निळ्या वाहिनीत सगळ्यात काळा दिसतो, लालमध्ये जवळपास नाहीसा होतो. नुसती लाल वाहिनी ठेवा, डाग गेला. कुणी निळ्या शाईने फोटोवरच नाव लिहिलं असेल तर उलट, निळी वाहिनी ठेवायची. हे करड्या रंगात स्कॅन केलेल्या फाइलला जमत नाही.

---

डांबरगोळी | २० जुलै, सकाळी ९:३०

एवढ्या उठाठेवीपेक्षा एआयच्या अ‍ॅपला द्या की. मी आजीचा फोटो दिला, दहा सेकंदांत रंगीत, चकचकीत. घरातले सगळे खूश.

---

पेठेतली_मुळं | २० जुलै, सकाळी ९:५१

आमच्याही घरातले खूश होते. मग आईने बघितलं आणि म्हणाली, ही कोण? आजीच्या कपाळावर गोंदण होतं, तीन ठिपके. यंत्राला ते डाग वाटले, पुसून टाकले. डोळे मोठे केले, दात सारखे केले. लुगडं हिरवं केलं. हिरवंच होतं कशावरून?

---

डांबरगोळी | २० जुलै, सकाळी १०:२०

आता माझ्या आजीचा मूळ फोटो काढून बघितला. नाकातली चमकी उडालीय. गप्प बसतो.

---

जुना_रोल | २० जुलै, दुपारी १२:१०

गप्प बसू नका, हा वाद आमच्या काळीही होता. ब्रशने रंग भरणारे होतेच, आमच्याकडे एक चाचा होते, गिऱ्हाइकाला विचारून शालूचा रंग भरायचे. फरक एवढाच की ते विचारायचे. भेगा, ओरखडे, पांढरे ठिपके यंत्राकडून काढून घ्या. चेहऱ्याला हात लावू देऊ नका.

लालसर पडलेल्या रंगीत फोटोंनाही एआय लागत नाही. त्या काळच्या रंगीत कागदातला निळसर रंग बंद अल्बममध्ये, अंधारातसुद्धा उडतो, म्हणून लाल उरतो. प्रोग्राममधल्या लेव्हल्स या सोयीत लाल, हिरवी, निळी वाहिनी एकेक करून दोन्ही टोकांना ओढा, निम्म्याहून जास्त परत येतो. स्कॅन ४८ बिटचा, म्हणजे जास्त छटा टिपणारा हवा, नाहीतर आकाशात पट्टे दिसतील.

---

ओसरी | ३ ऑगस्ट, रात्री १२:१५

झोप येत नाहीये म्हणून लिहिते.

वाड्याच्या माजघरात एक मोठा फोटो कायम होता. मेणवलीच्या घाटावरचा, मागे ती वसईच्या स्वारीतून आणलेल्या घंटेची घुमटी, पुढे आमचं कुटुंब, दहा माणसं. १२ बाय १५चा. बाबांची पहिली फुलपँट. हा फोटो आम्ही इतका बघितलाय की डोळे मिटून कोण कुठे ते सांगू शकतो.

आज त्याची निगेटिव्ह मिळाली, स्कॅन केली. पडद्यावर अकरा माणसं.

निगेटिव्ह चौकोनी आहे, फोटो आयताकृती. डाव्या कडेला, पायरीच्या खाली, एक म्हाताऱ्या बाई उभ्या आहेत. गडद आलवण, पदर डोक्यावरून. कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत, काखेत कुणाचं तरी मूल आहे, ते अकरांत धरलेलं नाही. एनलार्जमेंट करताना कडा कापली गेली आणि त्या गेल्या. बाबांना फोटो पाठवला. पाच मिनिटांनी फोन आला, नुसतं "अगं, आत्याबाई" म्हणाले आणि मग बोलणं होईना त्यांना.

---

जुना_रोल | ३ ऑगस्ट, सकाळी ६:२०

चौकोनातून १२ बाय १५ करताना कडा जातेच, बाजूच्या नाहीतर वरखालच्या. कुठली घालवायची ते डार्करूममधला माणूस ठरवतो. मी हजारो फोटोंना ठरवलं असेल.

क्लिकचा व्ह्यूफाइंडर भिंगाच्या वर, बाजूला असतो. त्यात दिसतं ते आणि फिल्मवर येतं ते जुळत नाही. काढणाऱ्याला त्या चौकटीबाहेर आहेत असंच वाटलं असणार.

---

ओसरी | १० ऑगस्ट, रात्री १०:३०

काल साताऱ्याला माई आत्याकडे जाऊन आले. ती ८४ची आहे. फोनवर फोटो दाखवले तर तिला नीट दिसेना, म्हणून तीस फोटो ए-फोरवर मोठे छापून नेले, प्रत्येकावर ठळक आकडा घालून. हे फार उपयोगी पडलं. "अठरा नंबरमध्ये डावीकडून तिसरी" असं बोलता आलं, आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून ठेवलं. कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही मी रोज एक फोटो टाकत होते, तिथे तीन आठवड्यांत चार नावं आणि साठ नमस्कार मिळाले. माईने दोन तासांत सत्तावीस माणसं सांगितली.

मेणवलीचा फोटो भूकंपाच्या आदल्या वर्षीचा, म्हणजे १९६६चा. कोयनेच्या भूकंपात (११ डिसेंबर १९६७) आत्याबाई जिन्यावरून पडल्या, त्यानंतर घाट उतरल्याच नाहीत. आत्याबाई म्हणजे माझ्या पणजोबांची बहीण, लहानपणीच विधवा झालेल्या. बाबांना आणि त्यांच्या सगळ्या भावंडांना त्यांनी वाढवलं. सोवळ्यात असायच्या, फोटोला उभ्या राहायच्या नाहीत. काखेतलं मूल म्हणजे खुद्द माईचा मोठा मुलगा. माई त्या फोटोत मध्यभागी, हात मोकळे, कारण फोटोपुरतं मूल आत्याबाईंकडे दिलेलं.

मी विचारलं, त्यांचं नाव काय होतं? माई बराच वेळ गप्प. म्हणाली, "आत्याबाईच म्हणायचे गं सगळे." बाबांनाही माहीत नाही.

---

बडोदेकर_मी | ११ ऑगस्ट, सकाळी ११:०५

वाचून सुन्न झालो.

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय असतील. त्यांच्या नामावळीत, चोपड्यांत, आलेल्या यजमानांची नावं गावासकट लिहिलेली असतात. आमच्या सहा पिढ्या तिथे मिळाल्या. बायकांची नावं कमी असतात, पण नसतातच असं नाही. घरचं कुणी यात्रेला गेलं असेल आणि आत्याबाई बरोबर असतील तर शक्यता आहे. आडनाव, मूळ गाव आणि पणजोबांचं नाव घेऊन जा.

---

भिंतीवरची_पाल | १६ ऑगस्ट, रात्री ९:१५

भिंतीबद्दल अजून कुणी बोललंच नाही. मी दोन वर्षांपूर्वी हे केलंय, आणि आधी वाईट केलंय.

पहिल्यांदा फ्लेक्स छापणाऱ्याकडे गेले. आठ बाय चारचा एकच मोठा बोर्ड, त्यावर झाडाचं चित्र आणि फांद्यांना चेहरे. घरात आणल्यावर निवडणुकीच्या बॅनरसारखं दिसायला लागलं. काका हात जोडून उभे, फक्त "हार्दिक शुभेच्छा" लिहायचं बाकी. वर्षात रंगही उतरला. सनबोर्डवर चिकटवलेला व्हिनाइल प्रिंट त्याहून बरा, पण उन्हाच्या भिंतीवर कडा सुटतात.

आता वेगवेगळ्या चौदा फ्रेम आहेत. छपाई पिगमेंट शाईत, सुती मॅट कागदावर. फोटो लॅबमध्ये फाइन आर्ट प्रिंट किंवा आर्काइव्हल विचारा. चकचकीत कागद नको, समोर खिडकी असेल तर आजोबांऐवजी स्वतःचाच चेहरा दिसतो. हातात धरायच्या फोटोला ३०० डीपीआय लागतात, चार फुटांवरून बघायच्या मोठ्या प्रिंटला २०० पुरे. सगळे छापण्याआधी एक छोटी चाचणी पट्टी काढा. आपले पडदे इतके उजळ असतात की घरी छान दिसलेला फोटो कागदावर काळवंडतो.

फ्रेमवाल्याला माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, नुसती पट्टी आणि काच नको. माउंटमुळे प्रिंट आणि काच यांत फट राहते, नाहीतर चार पावसाळ्यांनी तुमचा नवा फोटोही आजोबांसारखा काचेला चिकटेल. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, भिंतीपासून वारा खेळतो.

मांडणी करताना वर्तमानपत्रं फ्रेमच्या मापाने कापा आणि भिंतीवर चिकटवून आठवडाभर राहू द्या. येता-जाता बघा, हलवा. मग गिट्ट्या ठोका. मधलं अंतर सगळीकडे सारखं, मी अडीच इंच ठेवलं. आणि ३४०मधले फार तर वीस निवडा. बाकीच्यांचा छापील अल्बम करा.

आईंच्या अडचणीला आमच्याकडे निघालेला तोडगा: हार घातलेले, नुसते चेहऱ्याचे फोटो त्या भिंतीवर घेतलेच नाहीत, ते देवघराजवळ जसे होते तसेच. भिंतीवर फक्त प्रसंग. मुंज, सहल, अंगण, चुलीपुढची आई. प्रसंगातल्या माणसांना कुणी जिवंत-मेलेलं मोजत नाही.

---

डांबरगोळी | १६ ऑगस्ट, रात्री ९:४०

वाचनखूण साठवली. "निवडणुकीच्या बॅनरसारखं" याला दाद.

---

ओसरी | १७ ऑगस्ट, सकाळी ८:००

पालताई, आई हो म्हणाली! शब्दशः तुमचं वाक्य वाचून दाखवलं. वर म्हणाली, "मग माझा पापड लाटतानाचा लावा, त्यात मी बारीक आहे."

---

वाशिष्ठीकाठ | १७ ऑगस्ट, सकाळी ८:४५

स्कॅन तीन ठिकाणी ठेवा हो. एक घरी, एक वेगळ्या ड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावात कुणाकडे तरी. आणि नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात तर तो पिळून बारीक करतो. नावं फाइलच्या आतच लिहिता येतात, डिजीकॅम नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये. फाइल कुठेही गेली तरी नावं बरोबर जातात. मूळ फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढच्या बाजूला उठतं. मऊ पेन्सिल, तीही कडेला.

---

भिंतीवरची_पाल | १७ ऑगस्ट, सकाळी ९:३०

नावांवरून आठवलं. फोटोखालची नावं प्रिंटमध्येच छापू नका. माउंटला खाली एक लांबट खिडकी कापून घ्या, त्यात मागून सरकवायची कागदी पट्टी. कार्यक्रमाच्या दिवशी कुणीतरी येऊन "ही ती नव्हेच" म्हणणार. म्हणतंच.

---

ओसरी | २१ ऑक्टोबर, रात्री ११:१०

उशीर झाला, माफ करा. पंच्याहत्तरी रविवारी झाली. अठरा फ्रेम लागल्या. मेणवलीचा फोटो मध्यभागी, पूर्ण चौकोन, १६ बाय १६, अकरा माणसांसकट. जुनी १२ बाय १५ची फ्रेम मी आणू का म्हणून बाबांना विचारलं होतं, नको म्हणाले.

माई आत्याला भिंतीसमोर खुर्ची दिली होती. पहिल्या दहा मिनिटांत तिने दोन नावं चुकीची ठरवली, त्यातलं एक ऑगस्टात तिनेच सांगितलेलं. पालताई, तुमच्या पट्ट्यांनी लाज राखली. भावाने लगेच आत जाऊन नव्या पट्ट्या लिहून आणल्या.

आत्याबाईंच्या पट्टीवर "आत्याबाई" एवढंच आहे, पुढे जागा सोडलीय. भाऊ दिवाळीनंतर नाशिकला जाणार आहे. तिथल्या उपाध्यायांशी फोनवर बोलणं झालं, आमच्या गावचा चोपडा त्यांच्याकडे आहे म्हणाले.

---

बडोदेकर_मी | २१ ऑक्टोबर, रात्री ११:३२

नाव मिळालं तर इथे लिहा.

---

ओसरी | २१ ऑक्टोबर, रात्री ११:३५

लिहीन.

---

डांबरगोळी | २२ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

आणि आईंचा पापडाचा फोटो लागला का?

---

ओसरी | २२ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

दारातून शिरल्याबरोबर पहिला. जागा तिनेच निवडली.